रास्पबेरी शेक: जमिनीचं ऐकणारा छोटा भूकंपमापक, कलाकाराच्या आणि अभ्यासकाच्या कामाला कितपत येतो

रास्पबेरी शेक हा तळहातापेक्षा थोडा मोठा, पारदर्शक डब्यातला भूकंपमापक आहे. आत रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक, त्याच्यावर बसवलेलं सिग्नल वाढवणारं आणि आकड्यांत बदलणारं कार्ड, आणि शेजारी जमिनीचं कंपन विजेत बदलणारा जिओफोन. तार जोडली, वीज दिली की तासाभरात ब्राउझरमध्ये दिवसभराची नागमोडी रेघ दिसू लागते. शाळा, हौशी निरीक्षक, भूकंपशास्त्राचे विद्यार्थी आणि कंपनांवर काम करणारे ध्वनिकलाकार हे सगळे तो वापरतात, आणि तो घेण्यासारखा आहे असंच माझं मत आहे. पण घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची निराशा होते. तिचं कारण बहुतेक वेळा यंत्र नसतं. एक तर यंत्र चुकीच्या जागी ठेवलेलं असतं, नाहीतर जे त्याच्या कानाच्या पलीकडचं आहे ते त्याच्याकडून मागितलेलं असतं.

त्याचा कान कसा आहे ते आधी पाहू. जिओफोनमध्ये चुंबक डब्याला घट्ट बसवलेला असतो आणि बारीक तारेचं वेटोळं स्प्रिंगवर तोललेलं असतं. जमीन हलली की डबा आणि चुंबक तिच्याबरोबर जातात, वेटोळं जडत्वामुळे मागे राहतं, आणि दोघांमधल्या सापेक्ष वेगाच्या प्रमाणात वेटोळ्यात विद्युतदाब तयार होतो. म्हणजे इथे जमीन किती सरकली हे मोजलं जात नाही, किती वेगाने सरकली ते मोजलं जातं. या जिओफोनची स्वतःची वारंवारता 4.5 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला साडेचार आंदोलनं, असते. तिच्या खाली गेलं की प्रतिसाद झपाट्याने पडतो. वारंवारता निम्मी झाली की मिळणारा विद्युतदाब चौथा हिस्सा राहतो. कार्डावरचं सर्किट ही घसरण भरून काढत प्रतिसाद सुमारे 0.7 हर्ट्झपर्यंत सपाट ठेवतं. त्याखाली सिग्नल मिळतो, पण वाढवलेल्या गोंगाटासकट मिळतो. वरची मर्यादा 40 हर्ट्झच्या आसपास, कारण सेकंदाला 100 नमुने घेतले जातात आणि 50 हर्ट्झच्या वरचं काही नीट नोंदवता येत नाही.

संवेदनशीलता मात्र थक्क करणारी आहे. उभ्या, म्हणजे वर-खालची हालचाल मोजणाऱ्या, जिओफोनच्या मॉडेलमध्ये 1 मीटर प्रति सेकंद वेगाला सुमारे 40 कोटी काउंट (यंत्र नोंदवतं ते कच्चे आकडे) मिळतात, म्हणजे एक काउंट साधारण 2.5 नॅनोमीटर प्रति सेकंदाचा. घरात बसलेल्या माणसाला कंपन जेमतेम जाणवतं ते साधारण 0.3 मिलिमीटर प्रति सेकंदाला. यंत्राच्या भाषेत तेच 1,20,000 काउंट होतात. शांत जागेवरची पार्श्वभूमी यापेक्षा कितीतरी खाली असते. आपल्या पायाखाली जे सतत चालू असतं आणि आपल्याला कधीच कळत नाही, ते सगळं या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात असतं. वरच्या टोकाला 24 बिटांत मावणाऱ्या आकड्यांची मर्यादा सुमारे 21 मिलिमीटर प्रति सेकंदाला येते. जवळच्या मोठ्या धक्क्याला, किंवा डब्याच्या अगदी शेजारी कोणी जोरात उडी मारली तर, रेघ माथ्यावर कापली जाते.

मॉडेल निवडताना इथेच गोंधळ होतो. एका उभ्या जिओफोनचं साधं मॉडेल, तीन दिशांच्या जिओफोनचं मॉडेल, एक जिओफोन आणि तीन दिशांचे त्वरणमापक असलेलं चौपदरी मॉडेल, आणि जिओफोनबरोबर अवश्राव्य, म्हणजे कानाला ऐकू न येणारा खालच्या वारंवारतेचा, ध्वनी टिपणारं ‘शेक अँड बूम’. चौपदरी म्हणजे सगळ्यात जास्त काही देणारं, असं वाटतं. त्यातले त्वरणमापक अधिक 2 ते उणे 2 जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) एवढ्या पल्ल्याचे आहेत आणि ते जोरदार हादऱ्यासाठीच आहेत. जिओफोनची रेघ कापली गेली की त्यांचं काम सुरू होतं. एरवी, शांत दिवशी, त्यांच्या तिन्ही रेघांत स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक गोंगाटापलीकडे फारसं काही नसतं. जिथे मोठे भूकंप होतात तिथे हे मॉडेल अर्थपूर्ण आहे. पण कलाकृतीसाठी तीन दिशांची हालचाल हवी असेल, एखाद्या रेघेने काढायची आकृती किंवा तीन स्पीकरांत वाटायचा आवाज, तर तीन जिओफोनचंच मॉडेल घ्या.

आता हे यंत्र काय टिपत नाही ते. मोठ्या दूरच्या भूकंपाच्या पृष्ठलहरींचा आवर्तकाळ 20 सेकंदांच्या आसपास असतो, म्हणजे 0.05 हर्ट्झ. शेकच्या खालच्या मर्यादेपेक्षा ते चौदा पटीने खाली आहे. त्यामुळे 10,000 किलोमीटरवर मोठा भूकंप झाला तर सुमारे 13 मिनिटांनी येणारी प्राथमिक लहर, म्हणजे सगळ्यात आधी पोहोचणारी, एक बारीक, स्वच्छ ठोका म्हणून दिसते (0.7 ते 2 हर्ट्झचा फिल्टर लावा, नाहीतर रहदारीत बुडून जाईल), आणि नंतरचा तो लांबलचक हेलकावा, जो पुस्तकांतल्या भूकंपलेखांत सगळ्यात भव्य दिसतो, तो जवळजवळ येतच नाही.

दुसरी गोष्ट समुद्राची. समोरासमोरून येणाऱ्या लाटा एकमेकींना भेटतात तेव्हा समुद्रतळावर त्यांच्या दुप्पट वारंवारतेचा दाब पडतो, आणि त्यातून अख्ख्या पृथ्वीवर 5 ते 8 सेकंदांच्या आवर्तकाळाचं एक अखंड स्पंदन पसरतं. भूमीच्या अदृश्य हालचालींवर काम करू पाहणाऱ्या बहुतेकांना नेमकं हेच हवं असतं. शेकमध्ये ते अंधुक दिसतं, वादळी दिवसांत थोडं जास्त. त्यावर काम उभं करायचं असेल तर शेकवर अडून राहू नका. जागतिक भूकंप जाळ्यातल्या सुमारे 150 विस्तृतपट्टा (अगदी संथ कंपनंही टिपणाऱ्या) केंद्रांची नोंद खुली आहे आणि पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या ऑब्सपाय या मोफत साधनाने उतरवता येते. ‘एलएचझेड’ या नावाची रेघ मागा, ती सेकंदाला एकच नमुना देते. महिन्याभराची नोंद 8000 नमुने प्रति सेकंद या गतीने वाजवली तर 5 मिनिटं 24 सेकंदांत संपते, आणि समुद्राचं ते स्पंदन हजार हर्ट्झच्या आसपास, वाऱ्यासारखं चढत-उतरत ऐकू येतं. त्यातला प्रत्येक चढ म्हणजे कुठल्यातरी महासागरावरचं एक वादळ असतं. शेकवर हे कधीच इतकं सुंदर मिळणार नाही.

शेक ज्यात खरोखर उत्तम आहे तो पट्टा 1 ते 40 हर्ट्झचा: जवळचे छोटे भूकंप, खाणीतले स्फोट, इमारतीची डोलण, पूल, रेल्वे, यंत्रं, पावलं. जवळच्या भूकंपात प्राथमिक लहर आणि तिच्यामागून पोहोचणारी दुय्यम लहर यांच्या येण्यात किती सेकंदांचं अंतर आहे ते मोजून 8 ने गुणलं की केंद्रापर्यंतचे किलोमीटर ढोबळमानाने मिळतात. हे गणित विद्यार्थ्यांकडून स्वतःच्या नोंदीवर करवून घ्यायला या किमतीच्या वर्गात याच्याइतकं चांगलं साधन माझ्या पाहण्यात नाही. 2020 मध्ये टाळेबंदीने जगभर माणसांची हालचाल थंडावली, तेव्हा 117 देशांतल्या 268 केंद्रांच्या नोंदी तपासून संशोधकांनी दाखवलं की माणसांमुळे होणारं उच्च वारंवारतेचं कंपन 50 टक्क्यांपर्यंत उतरलं होतं. त्या केंद्रांमध्ये लोकांच्या घरांतले शेकही होते.

जागेबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण अर्धं यश तिथेच ठरतं. तळमजल्यावर, थेट जमिनीवर टाकलेल्या कोब्यावर, खांबाच्या किंवा मुख्य भिंतीच्या कोपऱ्याजवळ ठेवा. टेबल, फळी, लाकडी जमीन, गालिचा, खालून पोकळ वाजणारी टाइल, हे सगळं टाळा. वरच्या मजल्यावर ठेवलात तर नोंद जमिनीची कमी आणि इमारतीची जास्त होते. इमारतीची मूळ डोलण ढोबळमानाने 10 भागिले मजल्यांची संख्या इतक्या हर्ट्झची असते. दहा मजली इमारत 1 हर्ट्झच्या आसपास हलते, नेमकी तिथे जिथे दूरच्या भूकंपाची प्राथमिक लहर यायची असते. अर्थात इमारतीचंच ‘गाणं’ हवं असेल तर गच्चीच उत्तम, पण मग ते जाणूनबुजून करा. फ्रिज, पाण्याचा पंप आणि वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग यांच्यापासून जमेल तितकं लांब ठेवा. उघड्यावरच्या जागेत मोठं झाड जवळ नको, वारा सुटला की मुळं जमीन हलवतात. डब्यावर थेट ऊन पडलं तर तापमानाबरोबर रेघ हळूहळू सरकत राहते.

डब्याला तीन पाय-स्क्रू आणि पाणसळीचा बुडबुडा असतो. बुडबुडा वर्तुळात आणा, मग तिन्ही पाय खरंच टेकले आहेत का ते पाहा. एक जरी अधांतरी राहिला तर डबा स्वतःच थरथरतो. तपासणी सोपी आहे. डब्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बोटाने एकदा टकटक करा आणि नोंद ताणून पाहा. एक छोटा, लगेच विझणारा ठोका आला तर बसवणूक ठीक. ठोक्यामागे एकाच वारंवारतेचं लांब थरथरणं येत असेल तर पाय, टाइल किंवा ताणलेली केबल यांपैकी काहीतरी वाजतंय. केबलला डब्याजवळ एक सैल वळसा द्या आणि तिचा पुढचा भाग जमिनीला चिकटपट्टीने बसवा. ही गोष्ट बहुतेक जण विसरतात, आणि केबलला लागलेला प्रत्येक धक्का नोंदीत उतरतो.

जोडणीत अडण्यासारखं फार नाही. इथरनेटची तार वापरा. वायफायवर यंत्र चालतं, पण नोंदीत खंड आणि मधूनमधून अचानक उसळणारी टोकं येण्याची शक्यता वाढते. ब्राउझरमध्ये ‘आरएस डॉट लोकल’ हा पत्ता टाकला की यंत्राचं पान उघडतं. तिथे स्थान, उंची आणि मजला भरा. नोंद सार्वजनिक जाळ्यात पाठवायची की नाही हे तुमच्या हातात आहे. पाठवलीत तर नकाशावर तुमचं ठिकाण मुद्दाम थोडं सरकवून दाखवलं जातं, त्यामुळे घराचा पत्ता उघड होत नाही. दूरस्थ प्रवेशाचा मूळ पासवर्ड माहितीपुस्तिकेत छापलेला आहे, म्हणजे जगाला ठाऊक आहे; तो पहिल्याच दिवशी बदला.

वेळेची अट पक्की लक्षात ठेवा. रास्पबेरी पायला बंद असताना वेळ सांभाळणारं घड्याळ सहसा नसतं, त्यामुळे यंत्र इंटरनेटवरून किंवा जोडलेल्या जीपीएसवरून वेळ घेतं, आणि ती मिळेपर्यंत नोंद सुरूच करत नाही. कलादालनात, महोत्सवाच्या मंडपात किंवा डोंगरावर इंटरनेट नसेल तर यूएसबी जीपीएस बरोबर न्या आणि त्याला उघडं आकाश द्या. ‘यंत्र चालू आहे पण रेघ येत नाही’ ही तक्रार कुठेही ऐकली तर आधी वेळ तपासावी.

आता आवाजाकडे. माणसाचा कान 20 हर्ट्झपासून ऐकतो, आणि शेकचा बराचसा खजिना त्याच्या खाली आहे. साधा उपाय म्हणजे नोंद वेगाने वाजवणं. ही कल्पना जुनी आहे: 1961 मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या शेरिडन स्पीथ यांनी भूकंपलेख वेगाने वाजवून, भूकंप आणि अणुस्फोट कानाने वेगळे ओळखता येतात का हे तपासलं होतं. शेकची नोंद सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या ध्वनिफाइलीत जशीच्या तशी लिहिली तर ती 441 पट वेगाने वाजते. दिवस 3 मिनिटं 16 सेकंदांत संपतो, पण 20 हर्ट्झचं यंत्र 8820 हर्ट्झवर जाऊन कानात टोचतं आणि जवळचा भूकंप नुसती टिचकी होतो. एकच वेग सगळ्याला चालत नाही. दिवसाची लय ऐकवायची तर 100 पट ठेवा: दिवस 14 मिनिटं 24 सेकंदांचा होतो, 1 हर्ट्झ 100 हर्ट्झवर येतो, पहाटेची शांतता आणि सकाळी चढत जाणारी रहदारी स्पष्ट कळते. एकटा जवळचा भूकंप ऐकवायचा तर 15 ते 20 पटच. मग मिनिटभराचा धक्का तीन-चार सेकंद टिकतो, प्राथमिक लहरीचा कडक ठोका आणि दुय्यम लहरीचा जड घुमारा वेगवेगळे ऐकू येतात.

वाजवण्याआधीचा क्रम चुकवू नका. कच्च्या आकड्यांची सरासरी शून्यावर नसते, ती आधी वजा करा. मग 0.7 हर्ट्झच्या खालचं गाळून टाका. दोन्ही टोकांना सिग्नल हळू चढवा आणि उतरवा, नाहीतर सुरुवातीलाच स्पीकरमध्ये धाडकन आवाज येतो. नोंदीतले खंड शून्यांनी भरायचे असतील तर प्रत्येक खंडाच्या काठांनाही तेच करा. आणि मग पातळीचा प्रश्न येतो: शांत रात्र आणि जवळचा भूकंप यांत हजार पटींचा, म्हणजे 60 डेसिबलचा फरक सहज असतो. सगळं एकाच प्रमाणात बसवलं तर रात्र ऐकूच येत नाही. मोठ्या-लहान आवाजातला फरक फार दाबला तर भूकंपाचा जोर जातो, आणि ऐकणाऱ्याला खोटी समजूत दिली जाते. माझ्या मते आधी तो फरक हलक्या हाताने दाबावा आणि किती दाबला ते कलाकृतीच्या फलकावर लिहावं. विज्ञानाच्या नोंदीवर काम करणाऱ्याने एवढं सांगणं लागतं.

थेट प्रक्षेपणासाठी शेकची एक सोय फार चांगली आहे. यंत्राच्या पानावरून त्याच जाळ्यातल्या कुठल्याही संगणकाकडे यूडीपीने, म्हणजे पोचपावती न मागता छोटी पाकिटं पाठवण्याच्या पद्धतीने, नोंद पाठवता येते. प्रत्येक पाकिटात रेघेचं नाव, वेळ आणि 25 आकडे, सेकंदाला चार पाकिटं. मॅक्स, प्युअर डेटा, प्रोसेसिंग, पायथॉन, अशा कुठल्याही प्रोग्रॅमिंगच्या साधनात हे वाचणं दहा-वीस ओळींचं काम आहे. यूडीपीत पाकीट हरवलं तर परत येत नाही, म्हणून प्रत्येकाची वेळ तपासा आणि फट पडली तर आधीच्या आकड्यावरून पुढच्यावर सौम्यपणे जा.

दालनात हमखास फसतं ते एकाच ठिकाणी. सेन्सर आणि जमीन हलवणारा शेकर किंवा सबवूफर एकाच स्लॅबवर ठेवले जातात. नोंद शेकरला जाते, शेकर जमीन हलवतो, सेन्सर तेच पुन्हा टिपतो. पाकिटांमुळे मध्ये किमान पाव सेकंदाचा उशीर असतो, त्यामुळे शिट्टी न होता एक ठोका पुन्हा पुन्हा परतत राहतो आणि दर वेळी मोठा होत जातो. आवाज कमी करून हे सुटत नाही, कलाकृतीच मरते. सेन्सर तळघरात किंवा वेगळ्या पायावर न्या. ते शक्य नसेल तर आवाजासाठी सिग्नल वरच्या सप्तकांत चढवा आणि सेन्सरच्या पट्ट्यात शेकरला काहीच पाठवू नका. प्रेक्षकांच्या पावलांचाही विचार करा: त्यांना सहभागी करायचं असेल तर सेन्सर त्यांच्यात ठेवा, पृथ्वी ऐकवायची असेल तर त्यांच्यापासून दूर. दोन्ही एकाच सेन्सरने साधत नाही, पावलं जिंकतात.

स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या वेळी कुठल्या वारंवारता होत्या हे दाखवणारं चित्र, मात्र सगळ्यांनी उघडून पाहावा. कपडे धुण्याचं यंत्र पिळायला लागतं तेव्हा एक तिरकी रेघ 10 हर्ट्झवरून (मिनिटाला 600 फेरे) 20 हर्ट्झपर्यंत (1200 फेरे) चढताना दिसते, आणि तिच्या वर 40 हर्ट्झला तिची दुप्पट. 24 आणि 25 हर्ट्झच्या मध्ये तासन्‌तास सरळ जाणारी बारीक रेघ म्हणजे 50 हर्ट्झच्या विजेवर फिरणारी चार ध्रुवांची मोटर. विजेच्या फेऱ्यापेक्षा ती नेहमी जराशी मागे राहते, आणि भार वाढला की रेघ आणखी किंचित खाली वाकते. 60 हर्ट्झची वीज असलेल्या देशांत हीच रेघ 30 च्या किंचित खाली असते. एवढं ओळखता आलं की भूकंप आपोआप उठून दिसतो: सगळ्या वारंवारतांत एकदम उगवणारा, आणि वरून खाली विझत जाणारा.

शेक अँड बूमचा अवश्राव्य भाग हवेच्या दाबातले बदल टिपतो, आणि दोन्ही रेघा शेजारी ठेवल्या की नवंच जग उघडतं. लांबच्या स्फोटाची खूण जमिनीतून आधी येते. हवेतून ती सेकंदाला सुमारे 340 मीटरने, खूप मागून. दोन्ही रेघा नेमक्या एकाच क्षणी उठल्या तर हवेनेच जमीन हलवली असं समजावं. वारा हा या भागाचा शत्रू आहे, आणि घरातलं दारही: ते लावलं की दाबाचा मोठा फुगवटा उमटतो.

हे यंत्र भूकंपाची पूर्वसूचना देत नाही, आणि त्याच्या भरवशावर सुरक्षिततेचा कुठलाही निर्णय घेऊ नये. पर्याय म्हणून फोनमधला त्वरणमापक मुलांना दाखवायला ठीक आहे, पण त्याचा गोंगाट शांत जमिनीच्या कंपनापेक्षा फार मोठा असतो. नुसता जिओफोन ध्वनिमुद्रकाला लावणं पूल, कुंपणाच्या तारा आणि रेल्वेरुळांसाठी छान चालतं आणि स्वस्तही पडतं. फक्त बहुतेक ध्वनिमुद्रक 10-20 हर्ट्झच्या खालचं आतच कापतात, तेव्हा भूकंपाची आशा तिथे ठेवू नका.

देखभालीत एकच भाग नाजूक आहे, मेमरी कार्ड. त्यावर रात्रंदिवस लिहिलं जातं, आणि वीज अचानक गेली की ते बिघडू शकतं. बंद करायचं तर यंत्राच्या पानावरचा बंद करण्याचा पर्याय वापरा, प्लग ओढू नका. छोटा यूपीएस लावा, 5 व्होल्टचा चांगला पुरवठा द्या, आणि एक तयार कार्ड जवळ ठेवा. नोंदी रोज एका फाइलप्रमाणे साठतात आणि काही काळाने जुन्या आपोआप पुसल्या जातात, म्हणून जो भूकंप किंवा जी रात्र पुढे वापरायची असेल ती त्याच आठवड्यात दुसरीकडे उतरवून घ्या. त्या फाइलबरोबर यंत्राची प्रतिसाद-माहिती, म्हणजे काउंटचं वेगात रूपांतर करणारी फाइलही ठेवा. ती नसेल तर नंतर हातात नुसते आकडे उरतात.